बुद्धीच्या देवा, बुद्धी हरवलेल्यांसाठी

पंचमुखी गणराया, आज तुझ्यापुढे नारळासोबत एक कुलूप ठेवलं आहे. जुनं, पितळी, किल्लीच्या भोकाभोवती घासून पांढरं पडलेलं. अडीच वर्षं हे बाबांच्या खोलीच्या कडीला होतं. आतून ते दार वाजवत राहायचे आणि बाहेर मी किल्ली पदराच्या गाठीत बांधून भात शिजवत बसायचे. एवढं तुझ्यापाशी बोलायला मला त्यांच्या माघारी चार वर्षं लागली.

पवनीत देवळांना तोटा नाही. वैनगंगेच्या घाटावर वैजेश्वर आहे, त्याच्यापुढेही मी हात जोडते. पण हे गाऱ्हाणं तुझ्याकडेच आणायचं होतं, कारण तू बुद्धीचा देव. पाटीवरचं पहिलं अक्षर तुझ्या नावाने, परीक्षेला निघताना दह्याची कवडी तुझ्या नावाने. मग ज्याची बुद्धीच ओंजळीतल्या पाण्यासारखी गळून चालली आहे, त्याने कोणाच्या पायरीवर बसायचं? तो आता तुझा राहिला नाही का? बाबांना धरून एका संकष्टीला तुझ्याकडे आणलं होतं, तेव्हा त्यांनी तुला ओळखलं नाही. हात जोडायचे तेही विसरले. नुसते उभे राहून तुझ्याकडे बघत होते. मागची बाई म्हणाली, "बुढा भ्रमला वाटते." मी मान खाली घातली. तू त्यांना ओळखलं असशील, एवढंच मला तेव्हापासून धरून ठेवायचं आहे.

साठी बुद्धी नाठी, असं आम्ही सहज बोलून जातो. कोणी म्हणतं चळ लागला, कोणी म्हणतं सोंग करतो बुढा, सुनेला छळायला. डॉक्टर म्हणतात स्मृतिभ्रंश. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे तो रागातून आणि मोहातून येतो आणि माणसाला नाशाकडे नेतो. तो वेगळा, हा वेगळा, हे आमच्या लोकांच्या मनात उतरव, देवा. बाबांनी उभ्या जन्मात कोणावर हात उगारला नाही. त्यांच्या मेंदूतल्या पेशी झिजत गेल्या, जशी एखाद्याची गुडघ्याची वाटी झिजते. गुडघा झिजलेल्या माणसाला आपण खुर्ची देतो. मेंदू झिजलेल्याला मात्र आपण टोमणा दिला.

बाबा कोष्टी. रेशीमकाठी कापडासाठी पवनीच्या मागांचं एके काळी नाव होतं, त्या मागावर ते दहाव्या वर्षापासून बसले. आजार वाढला तेव्हा घरात माग राहिला नव्हता. त्याचा खड्डा बुजवून वर फरशी घातली होती. तरी ते त्या फरशीवर नेमके त्याच जागी बसायचे आणि विचारायचे, "सूत आलं का?" मी म्हणायचे, "बाबा, माग विकून पंधरा वर्षं झाली." दहा मिनिटांनी पुन्हा, "सूत आलं का?" दिवसातून चाळीस वेळा. एकेचाळिसाव्या वेळेला मी ओरडायचे.

आणि ते आईला शोधायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. "तुझी माय कोठं गेली?" मी खरं सांगायचे. माय गेली बाबा, मरून गेली. त्यांचा चेहरा तिथल्या तिथे कोसळायचा. ते पहिल्यांदाच ऐकत होते ना! रडायचे, कपाळ बडवायचे, मग हळूहळू विसरायचे, आणि दिवा लावायच्या वेळी पुन्हा विचारायचे. मला वाटायचं खोटं कसं बोलावं. एका माणसाला मी त्याच्या बायकोच्या मरणाची बातमी शेकडो वेळा दिली, गणराया. हे पाप तुझ्या खात्यात कुठे मांडलं असेल ते मांड, पण मला त्यातून पुढचं शिकव.

फार उशिरा कोणीतरी सांगितलं की खरं आणि खोटं यांच्या मधे एक तिसरी वाट असते. "तुम्हाला मायची आठवण येते का बाबा? कशी होती ती?" एवढंच विचारायचं. मी विचारलं. ते म्हणाले, "कांड्या भरायची. तिच्या हाताची कांडी कधी गुंतली नाही." मग कितीतरी वेळ ते कांड्यांबद्दल, रंगवलेल्या सुताच्या वासाबद्दल, आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांबद्दल बोलत राहिले. रडले नाहीत. त्या दिवशी मला कळलं की त्यांना उत्तर नको होतं, त्यांना ती हवी होती, आणि ती त्यांच्याजवळ होतीच. मीच तिला रोज हिसकावून घेत होते.

आणखी एका दुपारचं सांगते. शिवणाच्या डब्यातला गुंतलेला दोऱ्याचा पुंजका मी वैतागून त्यांच्यापुढे टाकला, थोडा वेळ तरी गप्प बसावेत म्हणून. बाबांना तेव्हा सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. त्यांनी पुंजका मांडीवर घेतला, एक तुटकं टोक शोधलं, दुसरं शोधलं. बोट जिभेला लावलं. दोन्ही टोकं चिमटीत धरून अंगठ्याने असा काही पीळ दिला की गाठ कधी पडली ते मला दिसलंच नाही. मग ओढून पाहिलं, उरलेलं टोक दाताने तोडलं आणि पुढचं टोक शोधायला लागले. तासाभरात सगळा पुंजका सरळ होऊन त्याचा गुंडा झाला. मान वर करून मला म्हणाले, "मजुरी का देशील पोरी?" मी दहा रुपये दिले. त्यांनी ते धोतराच्या कनवटीला खोचले आणि रोज संध्याकाळी "घरी जातो" म्हणणारे बाबा त्या संध्याकाळी तसं एकदाही म्हणाले नाहीत.

हाताची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते, हे मेंदूचे डॉक्टर सांगतात. मला ते बाबांच्या अंगठ्याने सांगितलं.

पण तोवर बराच उशीर झाला होता. पुढे निमोनियाने त्यांना दवाखान्यात भरती केलं, तिथे ते रात्री उठून चालायला लागले म्हणून त्यांचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. कोणाला नाव ठेवायला मी हे सांगत नाही. त्या पाळीला एक परिचारिका होती आणि वॉर्डात चाळीसच्या वर रोगी. तिने हात बांधले, मी दार बांधलं होतं. आम्हा दोघींकडेही एक माणूस कमी होता.

देवा, कुलपाचं खरं कारण हेच आहे, आणि हे लोकांना कळू दे. आपल्या भागात कुलूप दुष्ट माणसं लावत नाहीत. आषाढात धानाची रोवणी लागते. पऱ्हे निघालं की बांधीत चिखल तयार असतो आणि हातात मोजके दिवस असतात. सकाळी सहाला बायका डोक्यावर शिदोरी घेऊन निघतात, कारण त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. घरात आठवण हरवलेली सासू आहे. तिला शेतात न्यावं तर ती नहराच्या काठाने चालू लागते. घरी ठेवावं तर गॅसची कळ फिरवते. मग सून भाकरी आणि पाण्याचा गडू आत ठेवते, कडी लावते, आणि दिवसभर चिखलात वाकलेली असताना तिचं मन त्या कडीपाशी असतं. अशा किती कड्या मला माहीत आहेत! त्या सुनांना दोष देणाऱ्यांची जीभ आवर, गणराया. आणि त्या सुनांसाठी मला एक दार उघडू दे.

हा प्रश्न आपल्या गावापुरता नाही. २०२३ साली देशभरातल्या अभ्यासातून आकडा आला: साठीच्या पुढच्या शंभरातल्या साताहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश, देशात मिळून सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यांत जास्त. मी तो आकडा वाचला आणि सगळ्यात आधी आमच्या आळीतली दारं मोजली. मदत मात्र बहुतेक शहरांत. केरळात कुन्नमकुळमला डॉ. के. जेकब रॉय यांनी १९९२ साली हा आजार असलेल्यांच्या कुटुंबांसाठी देशातली पहिली संघटना उभी केली, पुढे त्या राज्य सरकारने स्वतःची योजना आणून दिवसाची केंद्रं काढली. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने अशा ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र चालवलं. आमच्या जवळचं मोठं शहर नागपूर, तेही इथून ऐंशीएक किलोमीटर. ज्याला स्वतःच्या घराचं दार सापडत नाही त्याला रोज ऐंशी किलोमीटर कोण नेणार? जे काही व्हायचं ते चालत जाता येईल एवढ्या अंतरावर व्हायला हवं.

म्हणून आठवण हरवलेल्यांना दिवसभर सांभाळायला गावातच हे घर घेतलं आहे. तुला ठाऊकच आहे. परकोटाच्या आतलं, मागे अंगण, अंगणात कडुलिंब. भाडं परवडेल असं आहे. आता या घरासाठी मागते, एकेक करून मागते, घाई करू नकोस.

या घराला उंबरठा नाही, मीच काढून टाकला. जुन्या माणसांनी नाराजी दाखवली, उंबरठ्यावर लक्ष्मी असते म्हणाले. पण पाय नीट न उचलता येणाऱ्या बाईला तिथे ठेच लागते. लक्ष्मीला सांग की आम्ही तिला दारातून हलवून आत बसायला पाट दिला आहे. संडासाच्या दाराला गडद पिवळा रंग दिला आणि वर चित्र काढलं, कारण अक्षरं आधी जातात, चित्रं मागे राहतात. फरशी चकचकीत नको म्हणून सांगितलं, चकाकणारी फरशी त्यांना पाण्यासारखी दिसते आणि पाय टाकायला माणूस भितो. मोठा आरसा लावलेला नाही. आरशातला म्हातारा कोण घरात शिरला म्हणून बाबा भांडायचे. पांढरा भात पांढऱ्या ताटात दिसत नाही, तेव्हा ताटल्या निळ्या घेतल्या. अंगणात कडुलिंबाभोवती गोल वाट केली आहे. ज्याला चालायचं आहे त्याने चालावं, वाट कुठेही न संपता त्याला पुन्हा आमच्यापाशी आणेल. अडवायचं नाही, हात धरून ओढायचं नाही.

भिंतीवर दोन नंबर मोठ्या आकड्यांत रंगवून घेतले आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. येणाऱ्या प्रत्येकाला आधी डॉक्टरांनी तपासलेलं असावं, हा नियम मोडायचा मोह मला होऊ देऊ नकोस. थायरॉइड बिघडला, बी-१२ कमी पडलं, मन उदास झालं, कान गेले, तरी माणूस भ्रमल्यासारखा वागतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. एखाद्या बऱ्या होऊ शकणाऱ्या बाईला आम्ही उगाच नाव चिकटवून बसवून ठेवलं, असं होऊ नये. जो आजार बरा होत नाही, त्यात बरं करण्याचं वचन आमच्या तोंडून निघू नये.

आता मोठं मागणं. इंग्लंडात ब्रॅडफर्डला टॉम किटवूड नावाचे एक अभ्यासक होते. १९९७ साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी आजाराच्या आधी माणूस बघायला सांगितलं. त्यांनी एक फूल काढलं आहे, पाच पाकळ्यांचं. दिलासा, जिव्हाळ्याचं माणूस, चारचौघांत जागा, हाताला काम आणि स्वतःची ओळख. बुद्धी गेली तरी माणसाला या पाच गोष्टी लागतातच, आणि फुलाच्या मधोमध त्यांनी प्रेम लिहिलं. मी ते चित्र पाहिलं आणि मला तू आठवलास. तुझीही पाच मुखं. विदर्भाच्या अष्टविनायकांत तुझं नाव सर्वतोभद्र, सगळ्या बाजूंनी कल्याण करणारा. ते ब्रॅडफर्डचे, त्यांनी पवनीचं नाव ऐकलेलं असायचं कारण नाही, पण तुझ्यापुढे उभं राहिलं की मला ती पाच मागणी पाच तोंडांनी ऐकू येतात. तू कोणाकडेही पाठ करून बसलेला नाहीस, गणराया. आमचीही पाठ त्यांच्याकडे होऊ देऊ नकोस.

त्या पाचांतली चारचौघांतली जागा आम्ही सगळ्यात आधी काढून घेतो. पाहुणे आले की बाबांना आत बसवायचो. लग्नाला नेणं बंद केलं. ते समोर असताना त्यांच्याबद्दल बोलायचो, "यांना काही कळत नाही आता." त्यांना कळत होतं. शब्द कळत नसतील, आवाजातली आठी कळत होती. आमच्या घरात कोणीही कोणाबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलणार नाही, एवढा एक नियम मी पहिल्या पानावर लिहिला आहे. "चला चला, लवकर" हे शब्दही घराबाहेर ठेवले आहेत. घास गिळायला त्यांना दहा मिनिटं लागत असतील तर आमचं घड्याळ थांबव.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' नावाचा मराठी सिनेमा आहे. त्यातले संस्कृतचे थोर पंडित, मोहन आगाशे यांनी केलेले, आठवण हरवून बसतात आणि एक दिवस रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. शिकलेल्या घरात ज्यांचं काय करावं ते समजत नव्हतं, त्यांना त्या माहुताची फाटकी बायको जेवू घालते, सांभाळते. ते काम अमृता सुभाष यांनी केलं आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो सिनेमा पाहिला तेव्हा बाबा गेले होते. ती बाई त्यांना कोण, काय, कुठले असं काही विचारत नाही. भूक लागली आहे हे तिला दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना तिच्यासारखी नजर दे. त्या दोघी शिकलेल्या नाहीत फार. एक घरोघरी धुणं-भांडी करायची, दुसरी आशा सेविकांसोबत फिरून गावातलं घर न घर ओळखते. त्यांना मी प्रशिक्षण दिलं, पण नजर मला देता येत नाही. आणि त्यांचा पगार पहिल्या तारखेला माझ्या हातून सुटू दे. सेवा सेवा म्हणून बायकांना फुकटात राबवायची आपल्याकडची रीत आहे, तिच्यापासून मला दूर ठेव.

नाव नोंदवायला आलेल्यांत एक आजी आहेत. त्यांचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. त्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली तेव्हा आजी भर संसारात होत्या. आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. एका रेषेत सारखी घरं, सारखी दारं. आजी बाहेर पडतात आणि कोणत्याही दारात शिरतात, आणि तिथली माणसं त्यांना हाकलतात. दुपारी तीन वाजले की गाठोडं बांधतात. "घरी जातो." रोज. मुलगा समजावतो, आई, हेच घर. त्या ऐकत नाहीत, आणि मला वाटतं, त्यांचंच बरोबर आहे. आपलं घर कुठलं हे त्यांच्याइतकं त्या घरात कोणालाच आठवत नाही. ते पाण्याखाली आहे एवढंच त्या विसरल्या आहेत.

या आजींना काय सांगू, देवा? घर बुडालं म्हणून सांगू? तीच चूक पुन्हा? मी त्यांना विचारलं, "तुमच्या घरापुढे काय होतं?" त्या लगेच म्हणाल्या, "मोहाचं झाड. त्याच्याखाली माझा धाकटा रांगला." मग गावातल्या विहिरीचं पाणी कसं होतं, ढिवरांची पोरं झिंगे आणून देत, दंडारीला रात्र कशी जागायची, सगळं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. प्रत्येकाची अशी एक वही करणार आहे. घरी काय हाक मारतात, कोणत्या कामात हात तरबेज होता, कशाची भीती, कोणतं गाणं, चहात साखर किती, रडू आलं की कोण जवळ हवं. आजी विसरतील तेव्हा वहीला आठवेल, आणि वही वाचणाऱ्या पोरीला आठवेल.

हे नवं नाही. महानुभाव परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा ज्यांनी ती ऐकली होती त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा सिद्ध केली. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आपल्यापर्यंत दुसऱ्यांच्या आठवणीतून आला आहे. एक जण विसरला तर दुसऱ्याने धरून ठेवायचं. मी आजींचं मोहाचं झाड धरून ठेवीन. माझ्या हातून ते निसटलं तर पुढच्या पोरीकडे सोपव.

आणि आमची पवनी तर याची साक्षच आहे. जगन्नाथ टेकडीला आम्ही टेकडी समजत आलो. १९६९-७० मधे उत्खनन झालं आणि आतून स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली. दगडात कोरलेला मुचलिंद नागही निघाला, ज्याने भर पावसात बुद्धावर फणा धरला होता. वर गावाला काहीच आठवत नव्हतं, तरी आत पुष्कळ काही शिल्लक होतं, नावंसुद्धा. बाबांच्या बाबतीत मी वरची माती पाहून टेकडी म्हटलं. तो गुंडा झाला त्या दुपारी एक वीट दिसली होती.

म्हणून या घरात तुझी तसबीर असेल तशी बुद्धाचीही असेल, आणि नमाजासाठी एका कोपऱ्यात स्वच्छ चटई असेल. ज्याच्या ओठांवर लहानपणापासून जे आहे ते त्याला म्हणू दे. कितीतरी जणांचं बोलणं आटतं, पण वंदना किंवा अभंग लागला की ओठ हलतात. ज्याला काहीच म्हणायचं नाही त्याला कडुलिंबाखाली बसू दे. याचा तुला राग येणार नाही हे मला ठाऊक आहे, कोणाला आला तर त्याला तू समजाव.

जे चिडतील, मारतील, चावतील, त्यांच्यासाठी मागते. शांत आजोबांना सांभाळणं सोपं आहे. संशयाने पेटलेला माणूस समोर आला, सुनेवर चोरीचा आळ घेतला, अंगावरचे कपडे काढून फेकले, तर माझा हात वर जाऊ नये. त्याला कुठे दुखतंय का, लघवीला लागली आहे का, भीती कशाची बसली, हे विचारायचं मला आधी सुचू दे. अंथरुणाला खिळलेल्यांना हे घर पुरं पडणार नाही, तेही मला वेळेवर ओळखू दे. आठ जणांपेक्षा जास्त घेण्याचा लोभ नको. दारात नववा उभा राहिला की माझं काळीज तुटेल, तेव्हा मला नाही म्हणायचं बळ दे आणि नववं दार उघडणारा दुसरा कोणीतरी गावात उभा कर.

कातरवेळेचं वेगळं मागते. दिवे लागायच्या सुमाराला त्यांच्या जिवाची तगमग होते, ती बाबांची मी रोज पाहिली. गावाची सावली लांब होते आणि त्यांना वाटतं, आपण चुकीच्या ठिकाणी आहोत, कोणीतरी आपली वाट बघतंय. त्या वेळेच्या आत त्यांना आपापल्या घरी पोचवणारा ऑटो वेळेवर येऊ दे. रोवणीच्या दिवसांत बायका शेतातून परतेपर्यंत ते आमच्याकडेच राहतील, तेव्हा घरातले सगळे दिवे आम्ही आधीच लावून ठेवू आणि हातात हात धरून बसू. वीज जाऊ नये, एवढं बघ.

ज्या लेकी-सुना वर्षानुवर्षं नीट झोपलेल्या नाहीत, त्यांना रोवणीच्या दिवसांत पोटभर मजुरी मिळू दे, आणि एखाद्या रविवारी अपराधी न वाटता दोन तास झोप. ज्यांनी कुलूप लावलं त्यांना क्षमा कर. मला कर. बाबांना सांग, मला आता कळलं आहे.

बरे होण्याचा चमत्कार मी मागत नाही. ते शेवटपर्यंत विसरतच जाणार. त्यांनी मला विसरावं, पण मी त्यांना हाक मारताना "ए बुढ्या" म्हणू नये, नावाने आणि जी लावून हाक मारावी, तेवढं माझ्या जिभेवर राहू दे.

कुलूप इथेच ठेवून जाते. पुजाऱ्यांना सांगितलं आहे, भंगारात द्या नाहीतर नदीत टाका, तुमची मर्जी. किल्ली कधीच हरवली.

सोमवारी रोवणी लागते आहे, म्हणून दार सकाळी सहालाच उघडायचं. पहिल्या दिवसासाठी चार जणांची नावं आहेत: दोन कोष्टी आजोबा, एक ढिवर काका, आणि मोहाच्या झाडाच्या आजी. सुताचे चार गुंतलेले पुंजके आणून ठेवले आहेत.